सायकलवरचा मुऱ्हाळी

"मॅडम, हा गिअर घेऊन करणार काय तुम्ही? ह्याच्यात सायकल पळत न्हाई, नुसती रांगती," शिवमूर्ती म्हणाला.

"मला पळायचंच नाही. तू लाव."

"ह्यापेक्षा पायी गेलेलं काय वाईट?"

"पायी गेलं तर सामान डोक्यावर घ्यावं लागतं. लाव म्हणलं ना!"

शिवमूर्तीचं सायकलचं दुकान नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. ह्या भागात क्लासेस उगवले, गावोगावची पोरं खोल्या करून राहायला आली आणि ह्याचं नशीब उघडलं. पोरांना सगळ्यात वरचा गिअर लागतो. सपाट सडक, पाठीवर दोन वह्या, आणि एका क्लासमधून सुटून दुसऱ्यात जायची घाई. त्यामुळं शिवमूर्तीला गिअर म्हणजे वेग एवढंच मालूम. तिथं साठीची बाई येऊन सगळ्यात खालचा, त्याच्याही खालचा गिअर मागते म्हणल्यावर तो हैराण झाला.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, आणि रोज सायकलनंच गेले. तेव्हा दातांचं गणित मला कोणी सांगायची गरज नव्हती. पुढची चकती जितकी लहान आणि मागची जितकी मोठी, तितका पाय हलका. चढ आला, मागं ओझं असलं, की माणसानं लहान लहान घास घ्यावेत. मला पुढं बावीस दात पाहिजे होते आणि मागं चौतीस. म्हणजे पायाचा पुरा फेरा मारला तरी चाकाचा पाऊण फेरासुद्धा होत नाही. बावीसची चकती नांदेडात मिळेना. शेवटी शिवमूर्तीनं हैदराबादहून मागवली, कपाळाला हात लावत लावत.

"पण जायचंय कुठं एवढं सामान घेऊन?" त्यानं चेन घालता घालता विचारलं.

"लातूरला."

त्याच्या हातातला पाना थांबला. "लातूरला बस हाय की मॅडम!"

बस हाय की. वीस वर्षं झाली, जो तो मला हेच सांगतो. जसं काही मला एसटीचा लाल रंग दिसतच नाही. मी म्हणलं, "हाव, माहीत आहे," आणि गप्प बसले. दुकानात उभं राहून काय सांगायचं?

तुम्हाला सांगते. माझं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या अंगाला. भूकंप झाला त्या रात्री मी तिथंच होते. गणपती बोळवून सगळे झोपले होते. आई, दादा म्हणजे आमचे वडील, भाऊ गुरुबसप्पा, सगळे त्या दगडमातीखाली गेले. माझी थोरली बहीण सिंधुअक्का त्याच गावात दिलेली होती. तिचा नवरा गेला, तिच्या पायावर तुळई पडली, आणि तिचा पाच वर्षांचा दया खाटेखाली सुखरूप निघाला. मला बाहेर काढून ट्रकमध्ये घातलं आणि नांदेडला आणून सोडलं. त्या ट्रकचा थरकाप अजून माझ्या तळपायात आहे. इंजिन चालू झालं, पायाखालचा पत्रा थरथरला, की माझा श्वास बंद होतो. पुन्हा गाव कोसळायला लागतं. दोनदा हिंमत करून लातूरच्या बसमध्ये बसले आणि दोन्ही वेळा गाडी स्टँडातून बाहेर पडायच्या आत आरडाओरडा करून उतरले. लोकं हसली. हसेनात का.

"मग रेल्वेनं जावा," असंही शहाणे सांगतात. अहो, रेल्वे काय पालखी आहे का? ती हलत नाही?

सायकलचं तसं नाही. सायकल हलते ती मी हलवते म्हणून. मी थांबले की ती थांबते.

भूकंपानंतर सिंधुअक्का दयाला घेऊन लातूरला आली. लातूरचं नाव तोवर गाजायला लागलं होतं. बोर्डात नंबर, डॉक्टरकीला नंबर, अख्ख्या महाराष्ट्रातून आईबाप पोरांना आणून तिथं सोडायला लागले. पोरं आली म्हणजे पोटं आली. अक्कानं मेस टाकली. एक पाय लाकडासारखा ताठ, तरी खुर्चीवर बसून तिनं किती पोरांना भाकरी घातली ह्याचा हिशेब नाही. पंचमीला मात्र मेसला दोन दिवस कुलूप लागायचं. अक्का बस पकडून माझ्याकडं यायची. माहेर उरलं नव्हतं, म्हणून माझं घरच ती माहेर धरून चालायची. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण पंचमीला मी तिची आई व्हायचे. डोक्यावरून न्हाऊ घालायचे, बांगड्या भरायला न्यायचे, अंगणातल्या लिंबाला झोका बांधायचे. अक्का ताठ पाय पुढं धरून झोक्यावर बसायची आणि ओरडायची, "अगं दे की जोरात! म्हातारी झालीस का काय?"

गेली दोन वर्षं तिला बस चढता येईना. त्याच दोन वर्षांत माझे मालकही गेले. मूलबाळ आम्हाला नव्हतंच. तेव्हापासून घरात मी एकटी. शेजारच्या खोल्यांतून पोरं रात्रंदिवस घोकत असतात, तेवढाच माणसाचा आवाज. कुकरला दोघांचा भात लावायची हाताची सवय काही जाईना. रोज भात उरतो आणि रोज मी स्वतःवर चिडते. कधी कधी शिळा भात खाता खाता रडू येतं, तेही सांगून टाकते. लाजायचं कशाला?

आषाढात अक्काचा फोन आला. "सरू, मी मेस बंद करून राहिले गं. आता मोठमोठी होस्टेलं झाली, त्यांच्या त्यांच्या मेसा हायेत. दयाला पुण्याला नोकरी लागली. तो म्हणतो, पायाचं आपरेशन करू, मग कायमची तिथंच ऱ्हा. पंचमीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी निघायचं हाय."

"पंचमीच्या आधी?"

"मग काय करू? मला कोण न्यायला येणार हाय? बाप न्हाई, भाऊ न्हाई." आणि हसली. तिला सवय आहे, वाईट बोलून झालं की हसायची.

मला हसू आलं नाही. फोन ठेवला आणि तिथंच ठरवलं, मी जाते. मी तिची मुऱ्हाळी.

आमच्याकडं पंचमीला सासरी गेलेल्या लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भाऊ येतो, भाऊ नसला तर भाच्चा, पुतण्या. बाई कधी मुऱ्हाळी झालेली मी ऐकलं नाही. नसेल ऐकलं. माझ्या मनात सगळं साफ होतं: अक्काला आणायचं, तिला भाड्याच्या जीपमध्ये बसवून द्यायचं, मागून मी सायकलवर, पंचमी नांदेडात. आणि पंचमी झाल्यावर म्हणायचं, अक्का, जाऊ नकोस पुण्याला. ऱ्हा माझ्याजवळ. ऑपरेशन नांदेडात पण होतं. हेच खरं पाहिजे होतं मला. झोका-बिका निमित्त.

तुम्ही म्हणाल, फोनवर का नाही सांगितलं? अहो, लेकीला फोनवर बोलावतात का? "ये गं तुझी तू" असं म्हणलं तर ते माहेर कसलं? माणूस उंबऱ्यात येऊन उभं राहावं लागतं. त्यात दोनदा "येते" म्हणून तिला सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडले होते. तिसऱ्यांदा सांगणार नव्हते, दारात जाऊनच उभी राहणार होते.

महिनाभर गोदावरीच्या पुलावर सराव केला. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना शिवमूर्तीनं लोखंडी कड्या ठोकून दोन मोठ्या पिशव्या अडकवून दिल्या. नेणार तेवढं वजन तांदूळ भरून मोजलं, तेवढं घेऊन चढले, उतरले. बावीस-चौतीसमध्ये पाय नुसते भिंगरीसारखे फिरायचे आणि सायकल गोगलगायीसारखी पुढं जायची. क्लासची पोरं बाजूनं सुर्रकन जाताना म्हणायची, "आजी, गिअर बदला!" मी म्हणायचे, "बाळा, तुझं तू बघ, परवा तुझी टेस्ट आहे ना?" पण दम लागत नव्हता. हिशेब बरोबर निघाला होता.

चुकला तो निघायच्या दिवशी. गुरुवारी सकाळी शेजारची उमादेवी ज्वारीच्या लाह्यांचा डबा घेऊन आली. "सिंधुअक्कासाठी. माहेराहून रिकामं जायचं नसतं." बरं. तिच्या मागून समोरची आली, तिनं कानोले केलेले. एकीनं खण-नारळ. एकीनं शेंगाच्या पोळ्या. अक्का वर्षातून दोन दिवस यायची, पण गल्लीतल्या बायकांचा तिच्यावर जीव होता, हे मला त्या दिवशी कळलं. "मला घाट चढायचाय गं बायांनो!" असं मी ओरडून राहिले होते, पण लेकीच्या वाट्याचं परत कसं करायचं? अपशकुन नाही का? दोन पिशव्यांवर तिसरं गाठोडं बांधलं. शिवमूर्ती दुकानातून बघत होता. त्यानं चाक दाबून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तर डब्बल झालं." मी म्हणलं, "असू दे, गिअर आहे ना." आणि निघाले.

त्या दिवशी लोह्यापर्यंत आले. पाऊस नव्हता, आभाळ नुसतं भरून राहिलेलं. दोन्हीकडं सोयाबीन, हिरवंगार, आणि मधूनच एखादी बाई खुरपं थांबवून बघायची. रस्त्यात जो भेटेल तो एकच विचारायचा, "कुठं चाललात? संगं कोण हाय?" कोणी नाही म्हणलं की मागं वळून बघायचे. त्यांना वाटायचं मागून नवरा, लेक, कोणीतरी येतच असेल. पहिल्यांदा गंमत वाटली. नंतर त्यांच्याबरोबर मीच मागं वळून बघायला लागले. रस्ता मोकळा. मग मी गाणं म्हणायला गेले, तर सूर लागेना. रात्री एका जुन्या सहकारी बाईंच्या घरी टेकले, आणि सकाळी पुन्हा वाटेला लागले.

माळाकोळीच्या पुढं बालाघाटचा चढ लागतो. मोटारीत बसलेल्याला तो चढ आहे हे कळतसुद्धा नाही. मी सगळ्यात खालच्या गिअरवर आले. पाय हलके झाले, अगदी हिशेबात मांडलेले तसे. पण एक गोष्ट हिशेबात नव्हती. ओझं सगळं मागं. चढ उभा झाला तसं पुढचं चाक जमिनीवरून सुटायला लागलं, आणि एवढ्या सावकाश चाललेली सायकल सरळ राहीना. डावीकडं कलली, मी पाय टेकायला गेले, आणि पिशव्या, गाठोडं, सायकल, मी, सगळे रस्त्याच्या कडेला आडवे. कोपर फुटलं. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मी तिथंच बसून शिव्या दिल्या. उमादेवीला दिल्या, लाह्यांना दिल्या, अक्काच्या नशिबाला दिल्या. ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळं शिव्यांनाही मजा आली नाही.

जवळच चहाची टपरी होती. टपरीवालीचं नाव नागुबाई. तिनं येऊन सायकल उभी केली.

"मालक कुठं हायेत?"

"वारले."

"लेकरं?"

"नाहीत."

"मग हे एवढं कुणाला?"

"बहिणीला. पंचमीला न्यायला चालले लातूरला."

"तुमच्या संगं मुऱ्हाळी कोण?"

"मीच."

नागुबाई खो खो हसली. हसता हसता माझ्याकडं बघितलं आणि थांबली. मग म्हणाली, "अर्धं हितं ठिवा माझ्याजवळ. अर्धं वर नेऊन ठिवा, परत या, ऱ्हायलेलं न्या. कडबा न्यायचा तर आपण काय एकाच खेपेत नेतो का?"

तसंच केलं. अर्धं ओझं घेऊन वर गेले. अर्धं झाल्यावर गिअर मुकाट्यानं चालला, पुढचं चाक जमिनीला चिकटून राहिलं. वरती एका शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याच्या आडोशाला, गाठोडं ठेवलं, तिथल्या म्हाताऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं, आणि रिकामी सायकल घेऊन खाली. मग दुसरी खेप. एकच चढ दोनदा चढायचा आणि मधे एकदा उतरायचा. त्या उतारावर, रिकाम्या सायकलवर, मला फार भरून आलं. संगं एक माणूस असतं तर अर्धं त्यानं घेतलं असतं आणि एकाच खेपेत आम्ही वर असतो. मी मोठ्यानं म्हणलं, "अक्का, आता तू कुठं जाऊ नकोस बरं का." कोणी बघत नव्हतं.

निघताना नागुबाईनं पिशवीत मक्याची चार कणसं कोंबली. "तुमच्या बहिणीला." मी कपाळावर हात मारला. ती म्हणाली, "माहेरचंच समजा की."

ह्या खेपांत शुक्रवार सगळा गेला. शनिवारी संध्याकाळी लातूरला पोचणार होते, ती चाकूरला एका देवळाच्या ओवरीत झोपले. चिंता नव्हती. रविवारी दुपारपर्यंत पोचले असते आणि अक्का नि दया संध्याकाळी निघणार होते. तेवढ्यात अक्काचं सामान आवरून, जीप ठरवून होईल असा माझा अंदाज. दयाला कसं समजवायचं ते पण मनात बांधून ठेवलं होतं. "अरे, आठ दिवस आईला माहेरी सोड, तुझं काय जातंय?" असं हसत हसत सुरू करायचं.

लातूरात शिरले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. दोन्हीकडं क्लासच्या पाट्या, पाट्यांवर पोरांचे फोटो आणि त्यांचे नंबर. एवढी सगळी पोरं कुठं कुठं गेली असतील आणि त्यांच्या आया कुठं कुठं एकट्या असतील, असं उगीच वाटलं. विचारत विचारत अक्काची गल्ली गाठली. वीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या गल्लीत आले होते. मेसची पाटी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. दाराला कुलूप. आणि दारासमोर एक पांढरी गाडी, इंजिन चालू. पुढच्या सीटवर सिंधुअक्का, ताठ पाय लांब केलेला.

मी सायकल टाकून दिली, खरंच टाकली. लाह्यांचा डबा घरंगळत गेला. "अक्का!"

तिनं काच खाली केली. "सरू? तू? कशात आलीस?"

"सायकलवर."

"नांदेडाहून? येडी हायस का गं तू?" आणि तोंडात पदर धरून रडायला लागली.

दया उतरून आला. उंच, अगदी त्याच्या बापासारखा. पाया पडला. "मावशी, अगं एक फोन करायचा! उद्या सकाळीच दवाखान्यात दाखल व्हायला सांगितलंय, काल रात्री त्यांचा निरोप आला. म्हणून आत्ता निघालोय. सामानाचा टेम्पो पहाटेच गेला. परवा ऑपरेशन आहे."

"मी आईला न्यायला आले होते रे," मी म्हणलं. तोंडातून एवढंच निघालं. मनात बांधलेलं सगळं सुटून गेलं होतं. "पंचमीला."

दयानं आईकडं बघितलं. मग अक्काच म्हणाली, "एक फोन केला असतास तर मी ह्याला थांबवलं असतं." आणि डोळे पुसून मान हलवली. "न्हाई म्हणा. फोनवर मी तरी कशी हो म्हणले असते? कुणी न्यायला आल्याबिगर?"

दवाखान्याची तारीख वर्षानुवर्षांचं दुखणं सोडवणार होती. मी काय तिला ओढून नेणार होते? सायकलवर? मला स्वतःचाच राग आला. चढावरच्या त्या एका दिवसाचा आला, गल्लीतल्या बायांचा आला, आणि फोन हातात असून तो न फिरवणाऱ्या माझ्या रीतीचा तर फारच आला.

मी गाडीपासून चार हात लांबच उभी होते. इंजिन चालू होतं ना. अक्काला कळलं. "दया, गाडी बंद कर," ती म्हणाली. बंद झाल्यावर तिनं मागच्या सीटकडं बोट केलं. "ये. बस."

बसले. वीस वर्षांनी मोटारीत बसले. तीही कष्टानं वळून, पाय उचलून, मागं माझ्याशेजारी येऊन बसली. दार उघडंच. डबे उघडले. लाह्या खाल्ल्या, कानोला खाल्ला. दया बिचारा बाहेर घड्याळ बघत उभा. अक्का सारखी माझं खरचटलेलं कोपर बघायची आणि म्हणायची, "काय बाई तू! काय बाई तू!" मी तिला गिअरचं सांगितलं. बावीस आणि चौतीस. तिला ओ की ठो कळलं नाही. म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच. गणित बरोबर, बाकी सगळं चूक."

मग हसणं थांबलं. तिनं माझा हात धरला. "सरू, चल माझ्यासंगं. पंचमी पुण्यात करू. नंतरही तिथंच ऱ्हा. नांदेडात कोण हाय तुझं?"

मला तेच पाहिजे होतं. उलट्या बाजूनं का होईना, तेच. घर, सायकल, लिंब, सगळं जळो. मी म्हणलं, "येते."

"डोळे मिटून घे मावशी," दया म्हणाला. "आईचा हात धर. थोड्या वेळानं सवय होईल." त्यानं दार लावलं आणि किल्ली फिरवली.

मी दात आवळून बसले. खरंच बसले. सीटमधून, पायातून, पाठीतून थरकाप चढत आला. मी अक्काचा हात असा धरला की तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या. तिनं हात सोडवला नाही. आधी दादांची हाक ऐकू आली. मग तुळई मोडल्याचा आवाज. मग माती, तोंडात, नाकात. मी दाराला धडका मारायला लागले. दयानं घाईघाईनं इंजिन बंद केलं, आणि मी बाहेर रस्त्यावर, गुडघ्यांवर, धापा टाकत.

अक्का मला रागावली नाही. तिच्या मनगटावर लाल वळ उठले होते. तिनं ते पदराखाली घेतले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे बाई. त्या रात्री मी पण त्याच मातीखाली होते, ठाऊक हाय मला तुझं."

दया तिला पुन्हा पुढच्या सीटवर घेऊन गेला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. आभाळ आलं होतं, रस्ता लांबचा. मी उठून गाडीजवळ गेले. त्यानं इंजिन सुरू केलं. माझ्या तळपायाला गोळे आले, तरी मी दाराच्या उघड्या काचेवर हात ठेवला. दार थरथरत होतं. मी हात काढला नाही. अक्कानं त्याच्यावर तिचा हात ठेवला.

"दया," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पहिल्याच गिअरमधी चालव. हिला जरा संगं चालू दे."

गाडी निघाली, माणूस चालतं तेवढ्या चालीनं. मी काच धरून शेजारून चालत होते. एका क्लासवरून, दुसऱ्या क्लासवरून, पोरं बाजूला होऊन बघत होती. गल्ली संपली, मोठा रस्ता आला, मागून कोणीतरी हॉर्न दिला. अक्कानं माझ्या हातावरचा हात उचलला.

मग दयानं दुसरा गिअर टाकला.